बिनओटीचं घर

माझी आणि त्या घराच्या दाराची पहिली ओळख नाकावर झाली.

मुरुडच्या इंग्रजी शाळेत गणिताचा मास्तर म्हणून माझी नेमणूक झाली होती. आगबोटीतून उतरलो तेव्हा मे महिन्यातली दुपार होती, खांद्यावर वळकटी होती, आणि राहायला जागा कुठे मिळेल असं विचारल्यावर धक्क्यावरच्या हमालानं सांगितलं, "त्या बिनओटीच्या घरात बघा. कोण जात न्हाय तिथं राहायला, तुम्हांला लगेच देतील." बिनओटीचं घर हे काय प्रकरण, मला कळेना. कोकणात घर म्हटलं की आधी ओटी. येणारा ओटीवर टेकतो, पाणी पितो, पान जमवतो, रस्त्यानं जाणाऱ्याला "काय, कुठे निघालात?" विचारतो, आणि निम्मे लोक तर आत पाऊल न टाकताच काम उरकून उठतात.

पण घर सापडायला वेळ लागला नाही. नारळीच्या वाडीत, रस्त्याला अगदी लागून, जांभ्याची लांबच लांब कोरी भिंत. खिडकी नाही, जाळी नाही, ओटी तर नाहीच. मध्ये एक दार, तेही बंद. मी म्हटलं, हे मिठाचं कोठार असणार. तेवढ्यात आतून आवाज आला. टक टक टक. बाप रे! कोणीतरी आत कोंडलं गेलं होतं. मी धावत जाऊन दाराला तोंड लावलं आणि ओरडलो, "घाबरू नका, मी आलोय!"

मागून एक बाई किंचाळली, "अवो दादा, मागं सरा! नाना भायेर येतोय!"

आणि दार आलं. जगातली शहाण्या माणसांची दारं आत उघडतात. हे धाडकन बाहेर उघडलं आणि मी रस्त्यावर बसलो. दारात एक उंच, काटकुळे गृहस्थ उभे होते. एवढ्या उन्हात त्यांच्या अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा लोकरीचा कोट होता. त्यांनी माझ्या नाकाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला की मला वाटलं आता हे मला मिठी मारणार.

"लागलं? वा! अथेन्समध्ये अगदी असंच लागायचं!"

हे माझे घरमालक. त्यांचं खरं नाव सांगत नाही; गावात तरी कोण घेत होतं? पाठीमागे 'अथेन्सकर' आणि तोंडावर 'नाना'. मुंबईत एका इमारती बांधणाऱ्या कचेरीत त्यांनी आयुष्यभर नकाशे उतरवले. दुसऱ्यांच्या चाळी, दुसऱ्यांचे बंगले, दुसऱ्यांच्या गोद्या. कधीतरी विलायतेहून येणाऱ्या एका सचित्र साप्ताहिकात त्यांनी ग्रीसमधल्या एका जुन्या शहराची चित्रं पाहिली. जमीन खणून काढलेलं शहर, त्याचं नाव ऑलिंथस. रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे. दोन रस्त्यांच्या मध्ये घरांचा एक चौक, त्यात दहा घरं, पाचाच्या दोन रांगा, आणि रांगांच्या मधून सांडपाण्याची चिंचोळी बोळ. आणि सगळी घरं एका मापाची! नानांच्या डोक्यात जे काही बसलं ते त्या क्षणी बसलं. नोकरी सोडून ते बायको-मुलीसह गावी आले आणि वडिलार्जित वाडीत त्यांनी दहापैकी पहिलं घर बांधलं. बाकीच्या नऊ घरांच्या खुंट्या वाडीत ठोकलेल्या होत्या आणि त्यांना सुंभ बांधलेलं होतं. त्या सुंभाला अडखळून माणसं पडायची. पडलेल्या माणसाला उठवता उठवता नाना विचारायचे, "हे चौथ्या नंबरचं घर आहे. घेता का?"

कोणाकोणाला म्हणून विचारलं नसेल! मामलेदाराला विचारलं, न्हाव्याला विचारलं, मशिदीच्या मौलवीसाहेबांना विचारलं. मला ओरडून दारापासून वाचवू पाहणारी ती बाई कोळीण होती; ती रोज मासळीची पाटी घेऊन यायची, तिलाही विचारलं.

"मामलेदाराचं घर जेवढं, तेवढंच तुझं. एक इंच कमी नाही, जास्त नाही!"

"आनि माजी होडी कुठं ठेवू? मामलेदाराच्या डोक्यावर?"

ह्यावर नाना दोन दिवस विचारात पडले होते. ऑलिंथसच्या चित्रात होडी कुठे दिसेना.

त्या टकटकीचं असं की ग्रीक लोकांची काही दारं थेट रस्त्यावर उघडायची, म्हणून आतला माणूस बाहेर पडण्याआधी आतून दार वाजवायचा. रस्त्यावरचा माणूस बाजूला सरायचा. झालं! नानांनी दार मुद्दाम बाहेर उघडणारं करून घेतलं, केवळ आतून वाजवता यावं म्हणून. पहिल्याच दिवशी ते ह्या कोळणीला लागलं आणि पाटीभर बांगडे धुळीत गेले. तिनं नानांच्या सात पिढ्या उद्धरल्या. पण बाई मोठी गमतीची. दुसऱ्या दिवसापासून आतून टकटक ऐकली की ती हाक द्यायची, "ये नाना, रस्ता मोकला हाय!" मग समोरच्या ओटीवरचे लोकही ओरडायला लागले. हाक आल्याशिवाय नाना बाहेर पडायचे नाहीत. भर दुपारी गाव झोपलेलं असलं की बिचारे आतून वाजवत उभे राहायचे. माझं "घाबरू नका" म्हणजे रस्ता मोकळा असल्याचीच हाक, असं ते समजले होते.

आणि कोट? ग्रीसमध्ये सरळ रस्त्यांची गावं आखणारा एक मोठा माणूस होऊन गेला. त्याचं नाव नाना असं काही उच्चारायचे की समोरच्यानं मागे सरावं. हा माणूस म्हणे केस वाढवायचा, दागिने घालायचा आणि भर उन्हाळ्यातही गरम कपडे वापरायचा. नानांना केस नव्हते आणि दागिने त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, आपल्या ट्रंकेत कुलूप लावून ठेवले होते. राहता राहिला कोट.

"नाना, घाम येतो हो तुम्हांला," मी एकदा म्हटलं.

"त्यालाही येत असणार," नाना म्हणाले आणि समाधानानं कपाळ पुसलं.

मला मिळालेली खोली म्हणजे ग्रीक घरातला पुरुषांचा दिवाणखाना. भिंतींच्या कडेनं चारी बाजूंना वीतभर उंचीचा ओटा, आणि दार मधोमध नाही, एका बाजूला. ग्रीक लोक म्हणे त्या ओट्यावर बिछाने मांडून डाव्या कोपरावर रेलून जेवायचे, आणि दार एका कडेला असल्यामुळे बिछाने नीट मावायचे, शिवाय आतल्या अंगणातल्या बायका पाहुण्यांना दिसायच्या नाहीत. गणपतीत नानांनी गावातल्या प्रतिष्ठितांना फराळाला बोलावलं आणि सगळ्यांना डाव्या कोपरावर आडवं केलं. मामलेदारसाहेब म्हणजे चांगला तीन माणसांचा ऐवज. त्यांनी आडव्यानं कोकम सरबताचा पेला तोंडाला लावला आणि सगळं सरबत बाहीतून काखेत गेलं. हेडमास्तरांचा हात मेला. मौलवीसाहेब तेवढे ऐटीत रेलून राहिले आणि म्हणाले, "माशाल्ला, अशी सवय करायला हरकत नाही." त्या एका वाक्यावर नाना महिनाभर जगले.

घर चांगलं होतं हो, खोटं कशाला बोलू! सगळ्या खोल्या मधल्या अंगणाभोवती, आणि अंगणाच्या उत्तरेला दक्षिणेकडे तोंड केलेली लांब पडवी. थंडीत ऊन थेट पडवीच्या पोटात यायचं आणि उन्हाळ्यात छपराखाली गारवा असायचा. काकूंचे पापड त्या पडवीत असे वाळायचे की आळीतल्या बायका जळायच्या. पण आषाढात चारी छपरांचं पाणी त्याच अंगणात उतरायचं, आणि ग्रीसमध्ये कोकणासारखा पाऊस पडत नाही हे नानांना कोणी सांगितलेलं नव्हतं. काकू पदर खोचून पडवीत उभ्या राहायच्या. त्यांचा तांब्या अंगणातून तरंगत जायचा. "खाडी आणलीत घरात! आता होडी ठेवायला जागा झाली, बोलवा तिला!" नाना गुडघाभर पाण्यात, कोटासकट, बोळीचं तोंड मोकळं करत असायचे आणि तिथूनच ओरडायचे, "उतार बरोबर आहे! फक्त पाणी जास्त आहे!"

आणि मग एक हसू ऐकू यायचं. पोट धरून, श्वास लागेपर्यंत हसणं. ते नानांच्या मुलीचं.

आता सांगायला हरकत नाही. मी माझ्या ओट्यावर बसून मुलांच्या गणिताच्या वह्या तपासायचो आणि मान जरा वर केली की अंगणाच्या पलीकडे, स्वयंपाकघराच्या दारात, ती विळीवर बसलेली दिसायची. नारळ खवता खवता आईला वर्तमानपत्र वाचून दाखवायची आणि मधेच स्वतःच्या पदरची बातमी घुसडायची. "अथेन्समध्ये मोठा पूर, एक कोट वाहून गेला!" काकू म्हणायच्या, "मेलं खरं आहे का गं?" आणि मग तेच हसू. त्या वर्षी मी कित्येक मुलांना चुकीच्या उत्तरांना बरोबरची खूण केली. मी पार कामातून गेलो होतो.

पण काकूंच्या जिवाला घोर लागला होता. मुलीचं लग्न जमत नव्हतं. मुलगी चांगली, माणसं चांगली, अडत होतं ते ओटीवर. मुलाकडची मंडळी येणार ती आधी ओटीवर बसणार. तिथे तंबाखू मळली जाणार, पावसापाण्याचं बोलणं होणार, घराची कळा बघितली जाणार, आणि मन मानलं तरच आत यायचं. ह्या घरात बसायचं कुठे? रस्त्यावर? शिवाय जिथे आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही तिथे काहीतरी लपवण्यासारखं असणार, असं लोक उघड बोलायचे. दोन स्थळं भिंतीकडे बघूनच परत गेली होती.

तिसरं आलं म्हसळ्याचं. काकूंनी आदल्या दिवशी अंगणात उभं राहून नानांना स्पष्ट सांगितलं, मी माझ्या खोलीतून शब्दन् शब्द ऐकला. "हे मोडलं, तर दुसऱ्या दिवशी भिंत पाडून ओटी घालायची. नाहीतर मी पोरीला घेऊन भावाकडे मुंबईला जाते. तुम्ही राहा तुमच्या दहा घरांत."

पहिल्यांदाच मी नानांना कोटाचं वरचं बटण काढताना पाहिलं. माझी तर दोन्हीकडून पंचाईत. जमलं तर ती म्हसळ्याला जाणार, मोडलं तर मुंबईला. मला जेवण जाईना.

पाहुणे बैलगाडीनं आले, मुलाचे वडील आणि मामा. डोक्यावर पागोटी, चेहऱ्यावर वरपक्षाचा तोरा. भिंतीसमोर उभे राहून त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि ओटी दिसेना म्हणून सरळ समोरच्या घराच्या ओटीवर जाऊन बसले. समोरच्यांनी आनंदानं पाणी दिलं, सुपारी दिली, आणि त्याबरोबर नानांबद्दल जे काही द्यायचं तेही दिलं. इकडे नाना दाराच्या आत उभे. खिडकी असती तर दिसलं असतं ना! बाहेर पावलं वाजली की वाजवायचे, टक टक टक, आणि पाटी टेकून बसलेली कोळीण ओरडायची, "थांब नाना, ते समोर बसलंत!"

शेवटी पाहुणे उठले. रस्ता ओलांडून दाराशी आले. आतून टकटक झाली. मुलाच्या वडिलांना वाटलं, आतून बोलावतायत. भला माणूस आणखी पुढे सरकला आणि मोठ्यांदा म्हणाला, "आम्ही आलो आहोत!"

कोळणीनं पाटी टाकून धाव घेतली. "अवो पावनं, मागं!"

दार आलं. पागोटं उडालं ते थेट पाटीतल्या कोलंबीवर. वडील मामांवर पडले, मामा बैलावर पडले, बैल बिथरला आणि गाडी आपली आपणच म्हसळ्याकडे निघाली. मी मागून धावत आलो होतो. नाना दारात, चेहरा पांढराफटक. पाहुण्यांनी नाकाला धोतराचा सोगा लावून सांगितलं, "ज्या घराचं दार पाहुण्याच्या अंगावर येतं, तिथली सून आम्हांला नको!" अजूनही कदाचित सावरलं असतं. पण नेमक्या त्याच वेळी आतून हसू आलं. तिला आवरलं नाही हो, काय करणार! म्हसळ्याचं स्थळ कोलंबीतलं पागोटं झटकत, आपल्याच गाडीमागे पळत निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी पहार घेऊन हजर. ज्यानं घर बांधलं तोच. नाना भिंतीला पाठ लावून रस्त्यात बसले होते, कोट घालून. शेजारीपाजारी जमले होते पण कोणी हसत नव्हतं. पाडायची भिंत एकाच घराची होती, पण तिच्याबरोबर त्या माणसाचं सगळं शहर पडणार होतं, आणि हे त्या सुंभाला अडखळून पडलेल्या प्रत्येकाला कळत होतं.

गवंड्यानं पहार उचलली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा! भिंत पाडू नका. मी करतो लग्न. म्हणजे, तिची हरकत नसेल तर. मला ती फार आवडते."

नानांनी हळूच मान वर केली.

"तू तिला पाहिलीस कुठे?"

"माझ्या खोलीतून."

"शक्य नाही," नाना म्हणाले. "त्या खोलीतून अंगणाची पलीकडची बाजू दिसतच नाही. दार कडेला आहे ते त्यासाठीच!"

"रोज दिसते हो, नाना."

नाना ताडकन उठले. लग्न, मुलगी, मी, सगळं बाजूला राहिलं. तरातरा आत शिरले, माझ्या खोलीत गेले आणि माझ्या ओट्यावर बसले. पलीकडे स्वयंपाकघराच्या दारात विळी, नारळ आणि मुलगी. तिनं बापाकडे बघून हात हलवला. नानांनी खिशातून टेप काढला आणि दार मोजलं. उभं राहून मोजलं, वाकून मोजलं. अख्खं ग्रीस पाठ असलेल्या ह्या माणसानं स्वतःच्या घरातल्या ह्या एका दाराला कधी टेप लावला नव्हता.

"हातभर सरकलंय," ते पुटपुटले. "गवंड्या! हे कोणी सरकवलं?"

आमच्या मागोमाग आत आलेल्या गवंड्यानं पहार खाली ठेवली आणि काकूंकडे पाहिलं.

"मी सरकवायला सांगितलं," काकू म्हणाल्या. "तुम्ही बिजागऱ्या आणायला मुंबईला गेला होतात तेव्हा. घराला ओटी नाही, खिडकी नाही. पाहुण्यांच्या खोलीत किती माणसं बसलीत ते चुलीपुढून दिसायला नको मला? चहा किती कपांचा टाकू?"

मला वाटलं आता नाना कोसळणार. ते दाराकडे बघत राहिले, मग काकूंकडे, मग माझ्याकडे. आणि हसायला लागले. मुलीचं हसू कुठून आलं ते मला त्या दिवशी कळलं. ओट्यावर लोळून, डाव्या कोपरावर, उजव्या कोपरावर, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"अगं, तिथेही बायकांनीच सरकवली असणार सगळी दारं! आणि ते विद्वान तिथे बिछान्यांची मापं घेत बसलेत!"

मग ते एकदम गंभीर झाले आणि मला म्हणाले, "माझी एकच अट. दुसऱ्या नंबरचं घर बांधायचं. माझ्या भिंतीला भिंत लावून."

"बांधतो," मी म्हटलं. त्या क्षणी मी दहाही बांधली असती.

"आणि मला कोणी विचारणार आहे का?" मुलगी दारात येऊन उभी होती. हाताला खवलेला नारळ तसाच. नाना गडबडले. ग्रीसमध्ये मुलीला विचारायची पद्धत नव्हती, पण नानांनी विचारलं. तिनं आधी माझ्या नाकाकडे पाहिलं.

"मास्तर चालतील," ती म्हणाली. "दुसऱ्या नंबरचं घरही चालेल. पण त्याला ओटी हवी."

पुढच्या वैशाखात लग्न झालं. आम्ही एकाच ज्ञातीचे, पत्रिका कोणीतरी जुळवल्या, आणि मुलाकडच्या मंडळींना कुठे बसवायचं हा प्रश्न नव्हता, कारण मुलाकडची मंडळी तिथेच भाड्यानं राहत होती. घर बांधलं. नऊ घरांच्या खुंट्यांपैकी एका घराच्या निघाल्या. ओटीवर नानांनी बरंच डोकं खाल्लं, नकाशात ती पुसली, पुन्हा काढली. पण ओटी झाल्यावर पहिल्याच संध्याकाळी कोट घालून येऊन बसले ते रोज बसायला लागले. मौलवीसाहेब यायचे, मामलेदारसाहेब उभ्यानंच सरबत प्यायचे, कोळीण पायरीशी पाटी टेकून सगळ्यांची उणीदुणी काढायची.

"नाना, शेवटी ओटी गोड लागली ना?" मी चिडवायचो.

"ही ओटी नव्हे. अगोरा आहे. शहराच्या मधोमध सगळ्या लोकांनी जमून बोलायची जागा. ती मी दोन घरांनंतर काढणारच होतो."

रात्रीच्या जेवणाची वेळ झाली की उठायचे, पायरी उतरण्याआधी ओटीच्या खांबावर बोटांनी वाजवायचे. समोर अख्खा रस्ता दिसत असला तरी. आणि कोणीतरी हाक द्यायचंच.

तिसरं घर कधी झालं नाही. सुंभ कुजलं, खुंट्या गवतात गेल्या. नाना एका हिवाळ्यात, पडवीतल्या त्या उन्हात बसलेले असतानाच गेले. कोट अंगात होता. काकू म्हणाल्या, राहू दे तो तसाच.

आम्ही त्यांना उचललं. मी पुढच्या बाजूला होतो. दार बंद होतं, बाहेर सगळा रस्ता भरला होता. मी दाराला हात घालणार एवढ्यात काकू म्हणाल्या, "थांबा." ज्या बाईनं जन्मभर त्या टकटकीच्या नावानं बोटं मोडली, ती पुढे झाली आणि तिनं आतून दार वाजवलं.

टक टक टक.

बाहेर एवढी माणसं, पण कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. आम्ही खांद्यावर नाना घेऊन तसेच उभे. माझी बायको माझ्या मागे रडत होती. मग दारापलीकडून तो ओळखीचा आवाज आला, जरा फुटलेला.

"ये नाना," कोळीण म्हणाली. "रस्ता मोकला हाय."

मग आम्ही दार बाहेर ढकललं.